चार प्याले

मराठीच्या अध्यापनात तीसहून अधिक वर्षे घालवलेल्या माणसाला गुण देण्याचे काम नवे नाही. उत्तरपत्रिकांचे गठ्ठे मी इतके तपासले आहेत की गुण ह्या गोष्टीवर माझा विश्वास असा फारसा उरलेलाच नाही. तरीही गेल्या आषाढात मी चार बाटल्या समोर ठेवून, वहीत चार रकाने आखून, व्हिस्कीला शंभरपैकी गुण द्यायला बसलो. चार शनिवार हा उद्योग चालला. त्याचा हा जमाखर्च. दिवाळी अंकात तो छापण्यासारखा आहे की नाही हे संपादकांनी ठरवायचे. ज्या अंकात कवितेचे रसग्रहण चालते त्यात ज्या वस्तूला खरोखरच रस आहे तिचे का चालू नये, एवढेच मी त्यांना विचारले.

आधी कायद्याचे. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा अजून जिवंत आहे. घरी बसून दोन चमचे व्हिस्की घेणाऱ्यालाही परवाना लागतो, आणि त्याचे वय पंचवीस पूर्ण असावे लागते. परवान्याच्या भाषेत हे मद्य प्रकृतिरक्षणासाठी घ्यावयाचे असते. मी आणि माझे स्नेही दोघेही सत्तरीच्या अलीकडे-पलीकडे असल्यामुळे वयाची अडचण नव्हती, परवाने काढलेले होते, आणि प्रकृतीचे रक्षण होते की नाही हे आमच्या डॉक्टरांना विचारण्याचे धाडस आम्ही केले नाही.

हे स्नेही ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका रासायनिक कारखान्यात आयुष्यभर रसायनतज्ज्ञ होते. त्या कारखान्याच्या वाफांनी त्यांचे नाक जवळजवळ कायमचे निकामी केले. फुलाचा वास येत नाही, गॅस उघडा राहिला तर कळत नाही. अशा माणसाला आस्वादाच्या कामात भागीदार का केले, असे कोणी विचारील. ते नेरूळला माझ्या शेजारच्या इमारतीत राहतात आणि शनिवारी संध्याकाळी येतातच, हे पहिले कारण. दुसरे कारण मला मागाहून कळले.

परीक्षा आंधळी असावी असा त्यांचा आग्रह होता. आमच्या सौभाग्यवतींनी ते काम पत्करले, कपाळाला आठी घालूनच. बाटल्या स्वयंपाकघरात वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवायच्या, खोकल्याच्या औषधाच्या टोपणाने पंधरा-पंधरा मिलिलिटर मोजून, खाली फुगीर आणि तोंडाशी निमुळत्या अशा पेल्यांत ओतायचे, पेल्यांना क, ख, ग, घ अशा चिठ्ठ्या लावायच्या. अक्षरे आणि पेल्यांचा क्रम दर शनिवारी बदलायचा, आणि कोणते अक्षर कोणत्या बाटलीचे हे दुधाच्या हिशेबाच्या वहीत लिहून ठेवायचे. चौथ्या शनिवारपर्यंत ती वही आम्हांला दिसायची नाही. चार पेले मिळून साठ मिलिलिटर झाले. त्यानंतर प्रत्येकाने आपल्या आवडीच्या अक्षराचे आणखी एक टोपण मागून घ्यावे, तेथे बैठक संपावी.

गुण देण्याची रीत इंग्रजांकडून घेतली. जिम मरे हा इंग्रज लेखक आपल्या ‘व्हिस्की बायबल’मध्ये नाकाला पंचवीस, जिभेला पंचवीस, शेवटी उरणाऱ्या चवीला पंचवीस आणि तोलाला पंचवीस असे शंभर करतो. हे चार शब्द मराठीत वहीवर लिहितानाच मी अडखळलो. ‘तोल’ हा शब्द आपण दारूच्या संदर्भात एवढ्याच अर्थाने वापरतो की तो गेला. मद्यात तोल असतो, किंबहुना असावा लागतो, ही कल्पनाच आपल्या भाषेने कधी करून पाहिलेली नाही.

ह्याचे कारण उघड आहे. मराठीत दारूवरचे सर्वांत मोठे पुस्तक म्हणजे गडकऱ्यांचे ‘एकच प्याला’. गडकरी १९१९ च्या जानेवारीत गेले आणि नाटक त्यानंतर रंगभूमीवर आले. त्या नाटकात पिणाऱ्यांची एक सबंध संस्था आहे, आर्यमदिरामंडळ; तिच्यात शास्त्री आहेत, तळीराम आहे, दारूच्या समर्थनाचे आणि निषेधाचे शक्य तेवढे सगळे युक्तिवाद आहेत. परंतु मंडळातला एखादा सभासद घोट घेऊन तो कसा लागला हे सांगतो असे मला आठवत नाही. गडकऱ्यांचे काही चुकले असे मी म्हणत नाही. ज्याला सिंधूची कहाणी सांगायची आहे त्याने सुधाकराच्या पेल्यात मनुकांचा वास होता की जायफळाचा, हे कशाला पाहावे?

आमच्या घरात तर ह्या विषयाला एकच शब्द होता आणि त्याला विशेषण नव्हते. माझा मामा दारूने गेला. तो गिरणगावात राहायचा, हाताने उदार होता, आणि सत्तेचाळिसाव्या वर्षी त्याचे यकृत संपले. मी दहा-बारा वर्षांचा असताना एकदा त्याच्या खोलीवर गेलो होतो. त्याने पेला भरला, डाव्या हाताने नाक घट्ट दाबले आणि एका दमात तो रिकामा केला. मी विचारले, मामा, नाक का दाबलेस? तो म्हणाला, “अरे, वास सहन होत नाही.” हे वाक्य मी साठ वर्षे विसरलो नाही. चारही शनिवार पेल्यात नाक घालताना मला ते ऐकू येत होते, आणि ते लपवून ह्या विषयावर लिहिणे मला अप्रामाणिक वाटले असते.

तेव्हा शब्द आणायचे कोठून? इंग्रजी समीक्षक लिहितात की ह्या घोटात नाताळच्या केकचा आणि संत्र्याच्या मुरंब्याचा भास होतो. नाताळचा केक माझ्या लहानपणात नाही. म्हणून दुसऱ्या शनिवारच्या आधी मी बसने वाशीच्या बाजारसमितीत गेलो आणि मसाल्याच्या गाळ्यांतून दोन तास हिंडलो. जायपत्री, सुंठ, खारीक, काळ्या मनुका, वेखंड, नागकेशर, सुके खोबरे ह्यांची पोती एकापुढे एक उघडी होती. असा शब्दकोश कोणत्याही मंडळाने छापलेला नाही. हमालांना माझ्या वागण्याचा संशय आला असावा, कारण मी विकत काहीच घेत नव्हतो आणि प्रत्येक पोत्यावर वाकत होतो. परत येताना मला भरतमुनी आठवले. नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात रस म्हणजे काय हे सांगताना ते जेवणाऱ्या माणसाचा दाखला देतात: नाना मसाल्यांनी सिद्ध केलेले अन्न खाताना माणसे जसे रस चाखतात, तसेच प्रेक्षकाचे. म्हणजे आपल्या सगळ्या काव्यसमीक्षेने आपला मुख्य शब्द पानावरून उचलला. दोन हजार वर्षे तो वापरून आपण तो इतका सूक्ष्म केला की जिभेकडे परत न्यायला आता संकोच वाटतो.

एक शब्द मात्र आपल्याकडे असा आहे की इंग्रजांनी हेवा करावा. तो म्हणजे ‘मुरणे’. लोणचे मुरते, मोरंबा मुरतो, राजकारणात माणूस मुरतो. व्हिस्कीचे सगळे मर्म ह्या क्रियापदात आहे. भट्टीतून निघालेला माल्टचा अर्क पाण्यासारखा रंगहीन आणि तिखट असतो. त्याला रंग, गोडी आणि बहुतांश सुवास येतो तो ओकच्या लाकडी पिंपात वर्षानुवर्षे मुरल्याने. पण येथेच एक भेद आहे, आणि माझ्या पुढच्या सगळ्या तक्रारीचे मूळ त्यात आहे. आपली लोणच्याची बरणी तटस्थ असते. चिनी मातीची बरणी कैरीला स्वतःचे काही देत नाही. जे व्हायचे ते मीठ, तेल आणि कैरी आपसांत पाहून घेतात. गोव्यात काजूची फेणी परंपरेने काचेच्या मोठ्या फुगीर पात्रांत ठेवतात. म्हणून फेणीला बोंडूचाच वास येतो, बरा-वाईट जो असेल तो. ओकचे पिंप तटस्थ नाही. ते साक्षीदार नसून पक्षकार आहे.

लाकडाची चव पेयात उतरवण्याची कल्पना आपल्याला नवी आहे असे मात्र कोणी समजू नये. चरकाने सूत्रस्थानात आसवांचे चौऱ्याऐंशी प्रकार मोजले आहेत, त्यांपैकी वीस सारासव आहेत, म्हणजे झाडाच्या गाभ्याच्या लाकडापासून केलेले. त्यांत चंदन आहे, खैर आहे. फक्त तेथे लाकूड पात्रात घालतात आणि पात्र मातीचे असते, तूप चोपडलेले. युरोपने लाकडाचेच पात्र केले.

पिंपांच्या जाती अनेक आहेत. माझ्या कामापुरत्या दोन पुरेत. अमेरिकेत बर्बन नावाची मक्याची व्हिस्की होते. तिकडच्या कायद्याने ती ओकच्या नव्या, आतून जाळलेल्या पिंपातच ठेवावी लागते. एकदा वापरलेले पिंप बर्बनला पुन्हा चालत नाही. त्यामुळे सुमारे दोनशे लिटरची ती पिंपे जगभर स्वस्तात विकली जातात आणि स्कॉटलंडपासून गोव्यापर्यंत सगळ्यांचा संसार त्यांवर चालतो. अमेरिकन पांढऱ्या ओकातून व्हॅनिलाची आणि ओल्या नारळाची गोडी येते. जळलेल्या थराचा कोळसा अर्कातला गंधकाचा उग्रपणा शोषून घेतो. दुसरी जात शेरीची. स्पेनमधली ही द्राक्षाची दारू ज्या पिंपात राहिली ते पिंप साधारणपणे मोठे असते, पाचशे लिटरपर्यंत. त्यातून सुक्या फळांचा गडद वास, मसाला आणि तुरटपणा येतो. ओलोरोसो ही शेरी कोरडी, हवेशी सलगी करून काळवंडलेली. पेद्रो शिमेनेस ही उन्हात वाळवलेल्या द्राक्षांची, काकवीसारखी गोड. खुद्द शेरी आता पूर्वीइतकी खपत नाही. पुष्कळ पिंपांत ती केवळ व्हिस्कीवाल्यांसाठी काही काळ भरून ठेवतात. पिंपासाठी दारू, असा हा उलटा न्याय आहे.

हा सगळा खेळ स्कॉटलंडच्या थंडीत सावकाश चालतो. आपल्याकडे तसे नाही. उष्णतेने अर्क प्रसरण पावून लाकडात शिरतो, गारव्याने बाहेर येतो. हवा जितकी उष्ण तितकी ही ये-जा जोराची आणि उडून जाणारा भागही मोठा. ह्या तुटीला स्कॉच लोक देवदूतांचा वाटा म्हणतात. त्यांचे देवदूत वर्षाला दोन टक्क्यांच्या आसपास घेतात. बंगलोरचे दहा-बारा टक्के घेतात. माझ्या रसायनतज्ज्ञ स्नेह्यांनी कागदावर हिशेब करून दाखवला: दोनशे लिटरच्या पिंपातून आठ वर्षांनी तिकडे एकशे सत्तर लिटर उरतील, इकडे दहा टक्क्यांनी धरले तरी शहाऐंशी. बंगलोरच्या ‘अमृत’ने आपल्या आठ वर्षांच्या व्हिस्कीचे नावच ‘ग्रीडी एंजल्स’, म्हणजे हावरे देवदूत, असे ठेवले. ह्या ‘अमृत’चा कारखाना १९४८ चा, जगदाळ्यांचा, आडनाव मराठी कानाला परके नाही. त्यांनी आपली सिंगल माल्ट २००४ मध्ये प्रथम विकायला नेली ती थेट ग्लासगोला, स्कॉच लोकांच्या अंगणात. त्यांच्या ‘फ्यूजन’ला मरेने २०१० च्या आवृत्तीत सत्त्याण्णव गुण देऊन जगातली तिसरी ठरवली, आणि तेव्हापासून भारतीय व्हिस्की म्हणजे साखर कारखान्यांच्या मळीचा स्पिरिट रंगवून भरलेली बाटली, ही समजूत ढळू लागली. समजूत पुष्कळशी खरीच होती. युरोपच्या कायद्यात व्हिस्की धान्याचीच असावी लागते. आपल्याकडे ‘व्हिस्की’ म्हणून जे खपले त्यातले बरेचसे तेथे त्या नावाने विकता आले नसते.

आता आमच्या चार बाटल्या. पहिली गोव्याच्या कुंकळ्ळीची, ‘पॉल जॉन ब्रिलियन्स’, केवळ बर्बनच्या पिंपात मुरलेली. दुसरी त्याच घरची, ‘ओलोरोसो सिलेक्ट कास्क’, बर्बननंतर ओलोरोसो शेरीच्या पिंपात ठेवलेली. तिसरी आपल्या नाशिक जिल्ह्यातल्या दिंडोरीची, ‘लॉन्जिट्यूड ७७’, २०२२ मध्ये बाजारात आलेली. बर्बनची पिंपे, आणि शेवटी वाइनची. चौथी हरियाणातल्या कर्नाल जिल्ह्यातली ‘इंद्री त्रिनी’. नावाप्रमाणे तीन पिंपांची, बर्बन, फ्रेंच वाइन आणि पेद्रो शिमेनेस. (ह्याच इंद्रीच्या खास दिवाळीसाठी काढलेल्या व्हिस्कीला २०२३ मध्ये अमेरिकेतल्या ‘व्हिस्कीज ऑफ द वर्ल्ड’ स्पर्धेत सर्वोच्च मान मिळाला. दिवाळी अंकांना असा मान देणारी संस्था अजून निघालेली नाही.) डहाणूलाही माल्ट गाळतात, पण ती बाटली मला वेळेत मिळाली नाही.

पहिल्या शनिवारी पाऊस कोसळत होता आणि खाडीचा चिखलाचा वास खिडकीतून आत येत होता. आस्वादाला ह्याहून वाईट दिवस नाही. तरी एका पेल्याने माझे भान हरपले. खारीक, काळ्या मनुका, आमसुलाची काळी आंबट चकाकी, वर जायफळ. रंग जुन्या शिसवी खुर्चीचा. मी बेधडक नव्वद गुण दिले. दुसऱ्या एका पेल्याला मी शहाऐंशी दिले. उरलेल्या दोघांना एक्याऐंशी आणि एकोणऐंशी. स्नेह्यांचे आकडे पाहिले तर त्यांनी माझ्या एक्याऐंशीवाल्याला सर्वांत वर, पंच्याऐंशीवर नेऊन ठेवले होते, आणि माझ्या नव्वदवाल्याला अठ्ठ्याहत्तर. मी मनात म्हटले, नाक नसलेल्या माणसाचे असेच व्हायचे.

मी त्यांना विचारले तेव्हा ते म्हणाले, “तुम्ही वास पिता. मला फक्त जिभेवर जे घडते तेवढेच कळते. ह्यात आधी गोड लागते आणि मग काताचा तुकडा चघळल्यासारखे तोंड आवळते. मधे धान्य कुठे आहे?”

धान्य कुठे आहे! हा प्रश्न मी हसण्यावारी नेला, पण दुसऱ्या शनिवारी तो माझ्यासोबत टेबलाशी बसला. त्या दिवशी स्वयंपाकघरातून पेले आणताना सौभाग्यवती दारात थांबल्या. त्यांनी आयुष्यात थेंब घेतलेला नाही. पण ओतताना वास टाळता येत नव्हता. एका पेल्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, “अहो, ह्याला अनारशाच्या पिठाचा वास आहे. गूळ घालून दोन दिवस झालेल्या.” मी नाक लावले. तीन दिवस भिजून किंचित आंबलेला तांदूळ, गूळ, आणि कोठेतरी खसखस भाजल्याची खमंग चाहूल. ह्या वासाच्या समोरून मी एकदा एक्याऐंशी गुण देऊन निघून गेलो होतो. इंग्रजी पुस्तकांत वाचलेले ‘मध’ आणि ‘व्हॅनिला’ हे शब्द शोधीत होतो म्हणून घरचा वास ओळखला नव्हता. स्नेही म्हणाले, “वहिनी, तुम्हीच गुण द्या.” त्या म्हणाल्या, “मला काय करायचेय,” आणि आत गेल्या.

त्यानंतर आकडे हलू लागले. उत्तरपत्रिका तपासणाऱ्याला हे ठाऊक असते: गठ्ठ्यातल्या पहिल्या सुवाच्य अक्षराला आपण चार गुण जास्त देतो, आणि ठळक अधोरेखने केलेल्या निबंधात विचार नाही हे तिसऱ्या वाचनात लक्षात येते. चौथ्या शनिवारी दुधाची वही उघडली आणि बाटल्यांवरची वर्तमानपत्रे काढली. ओलोरोसोच्या व्हिस्कीला मी क्रमाने नव्वद, अठ्ठ्याऐंशी, त्र्याऐंशी, ब्याऐंशी दिले होते. ब्रिलियन्सला एक्याऐंशी, त्र्याऐंशी, शहाऐंशी, सत्त्याऐंशी. दिंडोरीची एकोणऐंशी-ऐंशीवर स्थिर, त्रिनी चारही वेळा पंच्याऐंशी-शहाऐंशी. आणि नाक नसलेल्या माझ्या स्नेह्यांचे आकडे चार शनिवारांत एका गुणाहून अधिक कधी सरकलेच नव्हते.

मला जे म्हणायचे आहे ते ह्या आकड्यांत आहे. शेरीचे पिंप हे अलंकाराचे पिंप आहे. आपल्या उष्ण हवेत ते स्कॉटलंडपेक्षा कितीतरी लवकर आणि मोठ्याने बोलू लागते. तीनचार वर्षांत लाकूड आणि शेरी मिळून अर्काला असे सजवतात की खाली कोण आहे हे विचारण्याची शुद्ध राहत नाही. पहिल्या भेटीत त्याला नव्वद गुण मिळतातच; स्पर्धांमध्ये परीक्षकांपुढे ओळीने कितीतरी पेले येत असतात आणि प्रत्येकाशी भेट पहिलीच असते, हे ध्यानात ठेवले म्हणजे पदकांच्या यादीचाही थोडा उलगडा होतो. अलंकाराला माझा विरोध नाही. त्या ओलोरोसोमधली खारीक आणि आमसूल ही खोटी नाहीत, आणि पावसाळी रात्री एक पेला घेऊन थांबायचे असेल तर मी आजही कदाचित तीच मागेन. परंतु तिचे कौतुक करताना मी जवाचे कौतुक करीत नसतो, भट्टीवरच्या माणसाचेही नव्हे. मी स्पेनमधल्या एका द्राक्षाचे कौतुक करीत असतो, आणि ते मला माहीत असायला हवे.

ब्रिलियन्स निर्दोष नाही. ती जिभेवर थोडी घाईने येते, सुंठेसारखी चुरचुरते, आणि शेवटची चव आखूड आहे. दहा मोजेपर्यंत ती गेलेली असते. पाण्याचे चार थेंब घातल्याशिवाय ती नीट उघडतच नाही. पण तिच्यात पिंपाने आपले काम करून बाजूला उभे राहावे तसे झाले आहे. भाजलेले जव, गूळ, नारळाच्या वडीची कड. लाकूड आहे, पण ते धान्याचेच वाक्य पुरे करते. ज्या पिंपात ती ठेवली ते एकदा वापरलेले, अंगातला जोर ओसरलेले पिंप होते, हे तिचे भाग्य.

त्रिनीविषयी मी थोडा हात राखून बोलतो, कारण ती चतुर आहे. तीन पिंपे अशी बेताने जुळवली आहेत की कोणतेच टोचत नाही. मनुका आहेत, थोडा चहाच्या चोथ्याचा कडवटपणा आहे, गोडी आहे, आणि सगळे वेळच्या वेळी येते. ती मला चांगल्या संपादित दिवाळी अंकासारखी वाटली: एक कथा, एक प्रवासवर्णन, एक विनोद, सर्वांची सोय. चारही शनिवारी शहाऐंशीच्या आसपास गुण मिळवणारा विद्यार्थी असतो तसा हा. मात्र इंद्रीची हवा, तिकडचा कडक उन्हाळा आणि कडक थंडी ह्यांचे नाव त्या पेल्यात मला कोठेही ऐकू आले नाही. ‘अमृत’ने २०१६ च्या ‘स्पेक्ट्रम’मध्ये तर एकाच पिंपाच्या फळ्या निरनिराळ्या लाकडांच्या जोडल्या, कारागिरी म्हणून मी तिला नमस्कार करतो, पण ह्या वाटेने गेल्यास व्हिस्की हे सुतारकामाचे प्रदर्शन होईल अशी मला भीती वाटते.

दिंडोरीच्या व्हिस्कीवर माझा जीव असायला हवा होता; जिल्हा आपला, द्राक्षांचा. ती मऊ आहे, सभ्य आहे, पिकल्या केळ्याचा वास आहे आणि शेवटी द्राक्षाच्या सालीइतका तुरटपणा येऊन जातो. कोणालाही दुखवायचे नाही असे ठरवून लिहिलेल्या परीक्षणासारखी. अशी परीक्षणे मी स्वतः लिहिली आहेत, म्हणून तिच्यावर रागावता येत नाही.

राहिला बाटल्यांचा प्रश्न. चौथ्या शनिवारी वर्तमानपत्रे काढल्यावर स्नेह्यांनी खिशातून सहा इंची पट्टी काढली आणि चारही बाटल्यांतली पातळी मोजली. चाखण्यासाठी प्रत्येकीतून सारखेच घेतले होते. फरक पडायचा तो बैठकीच्या शेवटी मागून घेतलेल्या टोपणांचा. आठ टोपणांपैकी सहा ब्रिलियन्समधून गेली होती, एक ओलोरोसोतून, एक त्रिनीतून. अक्षरे दर वेळी बदललेली, तरी दोघांचेही हात तिकडेच गेले होते. ब्रिलियन्सची पातळी बोटभर खाली होती. “हे तुमचे पाचवे माप,” स्नेही म्हणाले. “आकडे कापा, पट्टी ठेवा.”

मला ते तेव्हा फार पटले. लिहिता लिहिता मात्र ते नीटसे पटत नाही. तिसऱ्या शनिवारी दुपारी चार वाजल्यापासून मी घड्याळ पाहत होतो, आणि त्या दिवशी ते पाचवे टोपण मला गुण देण्याच्या आधीच हवे होते. हे मी वहीत लिहिले नाही, येथे लिहितो. बाटलीची पातळी किती उतरली ह्यावरून आवड मोजायची तर माझ्या मामाची आवड सर्वांत मोठी ठरेल, आणि तो तर नाक दाबून पीत असे. चार शनिवारांवर मी थांबलो त्याचे हेही एक कारण आहे. स्नेही पाचव्या शनिवारी आले तेव्हा आम्ही चहा घेतला. त्यांना त्याचाही वास येत नाही. पण आले जास्त झाले आहे, हे त्यांनी पहिल्या घोटाला सांगितले.

गुण मी वहीत जसे आहेत तसे ठेवले आहेत, नव्वदसुद्धा. दिंडोरीच्या बाटलीला कोरड्या हवेत एक संधी द्यायची आहे, थंडी पडल्यावर. बाटल्या कपाटाच्या वरच्या फळीवर आहेत, आणि खाली स्वयंपाकघरात अनारशांचे तांदूळ भिजत पडले आहेत. आज दुसरा दिवस.